वर्डकॅम्पचे सत्रनियोजन: आवाहनापासून काँट्रिब्यूटर डेपर्यंत

वर्डप्रेस हे वेबसाइट बांधण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरणारी, त्यावर उपजीविका करणारी आणि ते घडवणारी मंडळी स्वखुशीने एकत्र येऊन जी परिषद भरवतात, ती वर्डकॅम्प या नावाने ओळखली जाते. पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरला. पुढे तो जगभर पसरला, पुण्या-मुंबईतही रुजला, आणि आशिया खंडाची वर्डकॅम्प एशिया ही मोठी परिषद बँकॉक (२०२३), तैपेई (२०२४) आणि मनिला (२०२५) यांच्यानंतर एप्रिल २०२६ साठी मुंबईच्या वाट्याला आली. खंडाच्या परिषदेकडे मोठा चमू आणि कित्येक महिन्यांची तयारी असते. प्रस्तुत लेख त्याहून लहान, म्हणजे तीन-साडेतीनशे उपस्थितांच्या, एका दिवसाच्या, दोन सभागृहांच्या शहरी वर्डकॅम्पमध्ये सत्रांची जबाबदारी अंगावर आलेल्या चार-पाच जणांसाठी आहे. ड्रुपल, जूमला किंवा अन्य कोणत्याही मुक्तस्रोत वेब सॉफ्टवेअरच्या मेळाव्यालाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

बहुतेक चमू प्रस्ताव मागवण्यापासून कामाला लागतात, आलेल्यांतून बरे निवडतात आणि ते वेळापत्रकाच्या चौकटीत बसवतात. असे केल्यास वक्त्यांना जे बोलायचे आहे त्याचे वेळापत्रक तयार होते, आणि दुपारी अडीच वाजता खुर्चीत बसलेल्या माणसाला काय हवे आहे हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो.

पहिली पायरी: खुर्चीत कोण बसणार आहे ते लिहून काढणे

मागील कॅम्पच्या नोंदणी अर्जांत उपस्थितांनी स्वतःविषयी जे लिहिले असेल ते आणि स्थानिक मीटअपला नियमित येणारी माणसे, एवढ्यावरून चित्र पुरेसे स्पष्ट होते. आपल्याकडच्या शहरांत साधारणपणे पाच प्रकारचे श्रोते दिसतात: स्वतःचे दुकान, शिकवणी किंवा संस्था चालवणारा आणि आपली साइट स्वतः सांभाळणारा, कोड न लिहिता थीम (साइटचे तयार रूप) आणि ब्लॉक (पानाचे तयार तुकडे) वापरून ग्राहकांच्या साइट बांधणारा फ्रीलान्सर, पीएचपी आणि जावास्क्रिप्ट लिहिणारा डेव्हलपर, पाच-पंधरा माणसांची एजन्सी चालवणारा, आणि अभियांत्रिकी किंवा बीसीएचा विद्यार्थी, जो नोकरी कुठे मिळेल हे चाचपण्यासाठी आलेला असतो व तसे सहसा बोलून दाखवत नाही.

एका मोठ्या कागदावर हे पाच प्रकार उभे आणि दिवसाच्या वेळा आडव्या मांडून तक्ता आखावा. त्यातील प्रत्येक चौकोनाला पुढे एकच प्रश्न विचारायचा आहे: या माणसाला या वेळी दोनपैकी एखाद्या सभागृहात जाण्याजोगे काही आहे का? प्रत्येक चौकोन भरणे शक्य नसते आणि तसा हट्टही धरू नये. मात्र कोणत्याही श्रोत्याला सलग दोन वेळा मोकळे बसावे लागू नये, ही मर्यादा मी पाळतो. हा कागद निवडीच्या बैठकीपर्यंत भिंतीवर राहिला पाहिजे. संगणकातील शीटमध्ये तो ठेवला की कोणी उघडून पाहत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: आवाहनाआधी जागा मोजणे

किती सत्रे लागणार हे ठाऊक नसताना प्रस्ताव मागवणे म्हणजे पंगतीची पाने न मोजता स्वयंपाक सुरू करणे होय. नऊला नोंदणी, पावणेदहाला स्वागत आणि दहाला सर्वांसाठी एकत्र चाळीस मिनिटांचे उद्घाटनाचे सत्र धरावे. वीस मिनिटांच्या चहानंतर ११.००, ११.५० आणि १२.४० अशी तीन सत्रे होतात, १.२० ते २.३० जेवण, मग २.३० आणि ३.२० ला दोन सत्रे, चारला चहा, साडेचारला एकत्र लाइटनिंग टॉक, म्हणजे सात मिनिटांची चार छोटी भाषणे, आणि पाच ते साडेपाच समारोप. दोन सभागृहे असतील तर चाळीस मिनिटांच्या जागा फक्त दहा निघतात. तिसरी लहान खोली मिळाली तर २.३० ते ४.०० अशी नव्वद मिनिटांची एक कार्यशाळा बसते. एक उद्घाटन, दहा सत्रे, एक कार्यशाळा आणि चार लाइटनिंग टॉक असे सोळा वक्ते झाले. सत्तर-ऐंशी प्रस्ताव आले तर पाचांपैकी चारांना नकार कळवावा लागणार आहे, हे चमूने सुरुवातीलाच मनाशी स्वीकारावे.

दोन सत्रांमधील दहा मिनिटे कोणत्याही दबावाखाली कमी करू नयेत. सभागृहे वेगवेगळ्या मजल्यांवर असतील तर ती पंधरा करावीत. या फटीतच वक्ता लॅपटॉप जोडतो, माइक बदलतो, आणि आधीच्या सत्रातील तिघे-चौघे प्रश्न घेऊन मंचाभोवती उभे असतात. चाळीस मिनिटांत तीस मिनिटे भाषण आणि दहा मिनिटे प्रश्नोत्तरे हे प्रमाण आवाहनातच नमूद करावे, कारण ‘चाळीस मिनिटे’ एवढेच कळवले तर वक्ता चाळीस मिनिटांचे भाषण घेऊन येतो.

परिसंवादाविषयी माझे मत जरा कडक आहे. चार जणांचा परिसंवाद चाळीस मिनिटांत ठेवला, ओळखींना चार आणि प्रश्नांना दहा मिनिटे दिली, तर उरलेल्या सव्वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा मिनिटे येतात, तीही संचालक एक शब्द बोलला नाही तर. वर्षभरात एकच परिसंवाद घ्यावा, त्यात तिघांहून अधिक माणसे नसावीत आणि त्या तिघांचे एकमेकांशी खरोखरच पटत नसावे.

तिसरी पायरी: आवाहन

आवाहन कॅम्पच्या वीस आठवडे आधी जाहीर करावे आणि पाच आठवडे खुले ठेवावे. यातील बहुसंख्य प्रस्ताव शेवटच्या तीन दिवसांत येतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात पेटीत नऊच अर्ज दिसले तरी धीर सोडू नये आणि मुदत वाढवू नये. मुदत एकदा वाढवली की पुढच्या वर्षी कोणीही पहिल्या मुदतीत पाठवत नाही. मुदतीचा शेवटचा आठवडा गणपतीत किंवा दिवाळीत येत नाही ना, हे मात्र दिनदर्शिका समोर ठेवून पाहावे.

अर्जात नाव-पत्त्याखेरीज सहा गोष्टी विचाराव्यात: सत्राचे शीर्षक; शंभर ते दीडशे शब्दांचे वर्णन; हे सत्र कोणासाठी आहे आणि त्याला आधी काय येत असले पाहिजे; ऐकून बाहेर पडणाऱ्याला कोणत्या तीन गोष्टी करता येतील; सत्र कोणत्या भाषेत होईल; आणि हेच सत्र पूर्वी कुठे दिले आहे का. नवख्या वक्त्याकडून दोन-तीन मिनिटांची फोनवर केलेली ध्वनिमुद्रित ओळख मागितली तर फायदा होतो, पण ती ऐच्छिक असावी.

आवाहनासोबत हव्या असलेल्या विषयांची यादी द्यावी, आणि ती त्या पाच श्रोत्यांच्या तक्त्यातून काढावी. ‘एसईओ, सुरक्षितता, वूकॉमर्स (वर्डप्रेसवरील ऑनलाइन दुकान)’ अशी यादी दिली की त्याच शीर्षकांचे पंधरा प्रस्ताव येतात. त्याऐवजी प्रश्न लिहावेत: साइट हॅक झाली आहे असे कळल्यावर पहिल्या तासात काय करावे? मराठी मजकुराच्या साइटला फाँट निवडताना जोडाक्षरे तुटणार नाहीत याची खात्री कशी करावी? ग्राहक बदल सांगत राहतो आणि पैसे वाढवून देत नाही, तेव्हा करारात आधी काय लिहिलेले असायला हवे होते? असा प्रश्न वाचून ज्याला उत्तर ठाऊक आहे तो माणूस पुढे येतो, मग त्याने आजवर कधी मंच पाहिलेला नसला तरी.

वर्डकॅम्पचे काही नियम आवाहनातच स्पष्ट करावेत, म्हणजे पुढे वाद होत नाहीत. वक्त्यांना मानधन नसते. प्रायोजकत्वाच्या बदल्यात मंचावर वेळ मिळत नाही. भाषण म्हणजे स्वतःच्या उत्पादनाची जाहिरात नव्हे. शिवाय जो वर्डप्रेससाठी थीम किंवा प्लगइन (साइटला जास्तीची सोय जोडणारा भाग) वाटतो वा विकतो, त्याचे उत्पादन संपूर्णपणे जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली असावे लागते. या शेवटच्या नियमावर चांगली माणसेही अडखळतात, कारण बाजारात थीमचा पीएचपी भाग जीपीएलखाली आणि सीएसएस, चित्रे इत्यादी भाग वेगळ्या, बांधून ठेवणाऱ्या परवान्याखाली अशी विभागणी आढळते, आणि ती वर्डकॅम्पच्या मंचासाठी चालत नाही. निवड झाल्यावर हे सांगण्याची वेळ आली तर दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते. म्हणून अर्जातच एक प्रश्न ठेवावा.

अजून प्रसिद्ध न झालेल्या आवृत्तीवरील सत्रांबाबत सावध राहावे. गुटेनबर्ग हा ब्लॉक एडिटर घेऊन आलेली वर्डप्रेस ५.० ही आवृत्ती प्रथम १९ नोव्हेंबर २०१८ रोजी येणार होती. ती तारीख २७ नोव्हेंबरवर गेली, आणि अखेर ६ डिसेंबरला, म्हणजे नॅशव्हिल येथील वर्डकॅम्प यूएस सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ती बाहेर पडली. अशा विषयावर प्रस्ताव आला तर ‘आवृत्ती तोवर आली नाही तर तुम्ही काय दाखवाल?’ एवढे विचारून घ्यावे. ज्याच्याकडे उत्तर तयार असते, त्याचे सत्र सहसा चांगले होते.

चौथी पायरी: वाचन आणि गुण

ऐंशी प्रस्ताव, प्रत्येकाला पाच मिनिटे, म्हणजे एका माणसाचे सहा तास चाळीस मिनिटे. हे काम एका बैठकीत होत नाही. तसे केले तर साठाव्या प्रस्तावाला पहिल्याइतका न्याय मिळत नाही. प्रत्येक प्रस्ताव किमान तिघांनी वाचावा, प्रत्येकाने वेगळ्या क्रमाने वाचावा, आणि पहिल्या फेरीत वक्त्यांची नावे झाकलेली असावीत. शीटमधील नावाचा आणि संस्थेचा रकाना काढून टाकणे सोपे असते, पण लोक वर्णनातही ‘गेली तेरा वर्षे आमची कंपनी’ असे लिहितात, म्हणून कोणा एकाने वाचून अशी वाक्ये आधी गाळून ठेवावीत. स्वतःच्या कंपनीतील सहकाऱ्याच्या प्रस्तावाला कोणीही गुण देऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको, तरी लिहून ठेवावे.

गुण एक ते पाच असावेत आणि ते तीन गोष्टींना वेगवेगळे द्यावेत: विषय आपल्या श्रोत्यांच्या कामाचा आहे का, वर्णनात नेमकेपणा आहे का, आणि दिलेल्या वेळेत हे मावेल का. नेमकेपणा ओळखण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा असा प्रस्ताव आला: ‘आजच्या काळात वेबसाइटचा वेग अत्यंत महत्त्वाचा आहे. या सत्रात आपण वूकॉमर्स दुकानाचा वेग वाढवण्याच्या विविध पद्धती, उपयुक्त प्लगइन आणि उत्तम सवयी पाहू.’ यात चुकीचे काही नाही, पण हे वर्णन कोणीही, काहीही न करता लिहू शकतो. आता दुसरा पाहा: ‘दुकानाचे मुखपृष्ठ कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) लावून जलद होते, पण कार्ट आणि चेकआउट ही पाने प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी असल्यामुळे ती तशी साठवून ठेवता येत नाहीत. एका चालू दुकानात ऑप्शन्सच्या तक्त्यातील ऑटोलोड होणाऱ्या नोंदी आणि कार्ट अद्ययावत ठेवणारी एजॅक्स विनंती या दोन ठिकाणी वेळ कसा जात होता, तो कसा मोजला आणि त्यातले किती दुरुस्त झाले, हे दाखवीन. जे जमले नाही तेही सांगेन.’ दुसऱ्या माणसाने हे काम हाताने केलेले आहे. त्याची भाषा अडखळणारी असली, शुद्धलेखन चुकलेले असले, तरी त्याला वरचे गुण द्यावेत. बोलण्याची तयारी करून घेता येते, हातचे काम करून घेता येत नाही.

पहिल्या प्रकारचा प्रस्ताव मात्र थेट कचऱ्यात टाकू नये. अनेकदा त्यामागे चांगला माणूस असतो आणि वर्णन कसे लिहावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘तुम्ही स्वतः जलद केलेल्या एका दुकानाविषयी चार ओळी लिहाल का?’ असे एक पत्र पाठवावे. उत्तर आले तर प्रस्ताव पुन्हा वाचावा.

गुणांची सरासरी काढण्यापूर्वी परीक्षकांचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. आमच्या चमूत एक सहकारी सगळ्यांना चार-पाच वाटत असे आणि दुसरी सहकारी तीनच्या वर क्वचित जाई. समजा पहिल्याची एकूण सरासरी ४.१ आहे आणि दुसरीची २.६. एखाद्या प्रस्तावाला त्याने ४ आणि तिने ३.५ दिले, तर वरवर पाहता तो त्याला अधिक आवडलेला दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा तो ०.१ ने खाली आहे आणि तिच्या पातळीपेक्षा ०.९ ने वर. म्हणून प्रत्येकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करावी आणि उरलेले आकडे एकत्र करावेत. शीटमध्ये हे एका सूत्राचे काम आहे, आणि त्याने यादी बरीच बदलते.

ज्या प्रस्तावावर एकाने पाच आणि दुसऱ्याने एक दिला असेल, त्यावर चर्चा अवश्य करावी. सर्वांनी तीन दिलेले प्रस्ताव सुरक्षित असतात आणि बहुधा कंटाळवाणे निघतात.

पाचवी पायरी: निवडीची बैठक

या बैठकीला समोरासमोर बसावे आणि तीन तास राखून ठेवावेत. आता नावे उघड होतात. गुणांनुसार वरचे पंचवीस प्रस्ताव चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर मांडावेत आणि भिंतीवरच्या तक्त्यात एकेक चिठ्ठी लावत जावे. वरची दहा सरळ उचलली तर काय होते, हे एकदा करून पाहावे: त्यात बहुधा सहा चिठ्ठ्या डेव्हलपरच्या रांगेत जातात, दुकानदाराच्या रांगेत एकच पडते आणि विद्यार्थ्याच्या रांगेत एकही नसते. प्रस्ताव लिहिण्याची सवय डेव्हलपरांना असते, एवढाच त्याचा अर्थ. इथे अठराव्या क्रमांकाची चिठ्ठी सातव्या क्रमांकाच्या आधी घ्यावी लागते, आणि ते का घेतले हे त्याच वेळी एका ओळीत लिहून ठेवावे, कारण पुढे कोणीतरी विचारतेच.

वक्त्यांमध्ये कोण आहे हेही याच वेळी पाहावे. सोळांत एकच स्त्री असेल, किंवा सर्वजण एकाच शहरातील चार कंपन्यांतले असतील, तर दोष निवडीत कमी आणि आवाहन कुठवर पोहोचले यात जास्त असतो, आणि बैठकीत तो पुरता दुरुस्त होत नाही. त्याचे काम चार महिने आधी, मीटअपमध्ये नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘यावर तू सात मिनिटे बोलशील का?’ असे विचारण्यापासून सुरू होते. लाइटनिंग टॉकच्या चार जागा मी पहिल्यांदाच बोलणाऱ्यांसाठी राखून ठेवतो.

चार जणांची राखीव यादी करावी आणि त्यांना ती राखीव आहे हे स्पष्ट कळवावे. नकाराची पत्रे निवडीच्या पत्रांच्याच दिवशी जावीत. निवड झालेल्यांनी समाजमाध्यमांवर आनंद व्यक्त केल्यानंतर इतरांना आपला निकाल कळणे वाईट दिसते. पत्रांना उत्तर देण्यासाठी सात दिवस द्यावेत, आणि सगळ्यांचा होकार येईपर्यंत वेळापत्रक जाहीर करू नये.

सहावी पायरी: वेळापत्रक

इथे घाई करू नये, कारण कोणते सत्र निवडले याइतकेच ते कोणासमोर उभे केले यालाही महत्त्व असते. एकाच श्रोत्याची दोन सत्रे समोरासमोर येऊ देऊ नयेत. थीमच्या सत्रासमोर करारपत्रांचे आणि प्लगइनच्या चाचणीसमोर मजकूर लिहिण्याचे सत्र असावे. बाहेरगावाहून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या वक्त्याला अकराचे सत्र देऊ नये. जेवणानंतरच्या पहिल्या सत्रात काहीतरी घडताना दिसले पाहिजे: कोणी साइट मोडून दाखवावी, कोणी ती जोडून दाखवावी. पुरणपोळी खाऊन आलेल्या सभागृहापुढे डेटाबेसच्या रचनेवरील साठ स्लाइड चालत नाहीत.

सभागृहांची वाटणी करताना वक्त्याच्या नावापेक्षा विषयाच्या श्रोत्यांकडे पाहावे. एका वर्षी आम्ही ‘पहिले प्लगइन लिहू या’ हे सत्र साठ खुर्च्यांच्या खोलीत ठेवले, कारण वक्ती नवखी होती, आणि त्याच वेळी मोठ्या सभागृहात एका नामांकित वक्त्याचे सत्र लावले. लहान खोलीत मुले खिडकीच्या कट्ट्यावर आणि दारापर्यंत जमिनीवर बसली होती. मोठ्या सभागृहात पहिल्या पाच रांगा भरल्या आणि मागे नुसत्या खुर्च्या. त्या पाहुण्याने काही बोलून दाखवले नाही, पण त्याचे सत्र संपेपर्यंत आमच्यापैकी कोणी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्यानंतर मी वेळापत्रकाचा कच्चा मसुदा चमूबाहेरच्या पाच जणांना, त्या पाच श्रोत्यांपैकी प्रत्येकी एकाला, पाठवतो आणि प्रत्येक वेळी कुठे बसाल तेवढी खूण करून मागतो. पाचांतील चौघांनी एकाच जागी खूण केली की ते सत्र मोठ्या सभागृहात जाते.

जेवणाची वेळ हीसुद्धा सत्रनियोजनाची बाब आहे. साडेतीनशे माणसे एकाच रांगेत उभी राहिली तर सत्तर मिनिटेही अपुरी पडतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशी मांडणी करायला केटररला आधीच सांगावे.

सातवी पायरी: भाषा

महाराष्ट्रातील वर्डकॅम्पमध्ये इंग्रजी, हिंदी आणि मराठी तिन्ही भाषांत सत्रे होऊ शकतात, आणि भाषेचा निर्णय वक्त्यावर सोडून दिला तर जवळजवळ सर्व सत्रे इंग्रजीत होतात, ज्यांना ती सहज बोलता येत नाही त्यांचीसुद्धा. वर्णनाच्या वरच सत्राची भाषा ठळकपणे छापावी. मराठी सत्रे फक्त नवशिक्यांच्या विषयांपुरती ठेवू नयेत; तसे केले तर खोलवरचे ज्ञान इंग्रजीतच असते असा समज आपणच पक्का करतो. हुक, फिल्टर, क्वेरी, कॅश हे शब्द तसेच ठेवून आणि स्लाइडवरचा कोड जसा असतो तसाच ठेवून मराठीत उत्तम तांत्रिक भाषण करता येते. कार्यालयात आपण रोज तसेच बोलतो. ध्वनिचित्रमुद्रण वर्डप्रेस डॉट टीव्हीवर भाषेनुसार शोधता येते, त्यामुळे मराठी सत्राचा उपयोग त्या दिवसानंतरही होत राहतो.

आठवी पायरी: वक्त्यांची तयारी

प्रत्येक वक्त्यासाठी चमूतील एक माणूस नेमून द्यावा आणि सर्व पत्रव्यवहार त्याच्याच मार्फत व्हावा. सहा आठवडे आधी आराखडा, तीन आठवडे आधी कच्च्या स्लाइड आणि दहा दिवस आधी व्हिडिओ कॉलवर पूर्ण तालीम, एवढे टप्पे पुरेसे आहेत. तालमीत घड्याळ लावून वक्त्याला मध्ये न थांबवता बोलू द्यावे. तीस मिनिटांचे भाषण तालमीत चव्वेचाळीस मिनिटांवर जाते, तेव्हा काय गाळावे हे वक्त्याला सुचत नाही; मी सहसा सुरुवातीची ‘वर्डप्रेस म्हणजे काय’ ही आठ मिनिटे काढायला सांगतो, आणि कोणालाच त्यांची उणीव भासत नाही. स्लाइडवरील कोड शेवटच्या रांगेतून वाचता येतो का, हे पाहण्यासाठी स्लाइड फोनवर उघडून हात लांब करून पाहावी.

थेट प्रात्यक्षिक करणाऱ्याकडून तेच प्रात्यक्षिक मुद्रित स्वरूपात घेऊन ठेवावे. वाय-फाय दगा देणार हे गृहीत धरावे.

नववी पायरी: काँट्रिब्यूटर डे

भाषणांच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी योगदानाचा दिवस असतो. त्यात कोअर (वर्डप्रेसचा मूळ कोड), भाषांतर, दस्तऐवज, चाचणी, प्रशिक्षण, सुलभता अशा चमूंची टेबले मांडलेली असतात आणि नवखी माणसेही वर्डप्रेसच्या कामाला हात लावतात. याचेही नियोजन सत्रासारखेच करावे लागते, आणि नेमके तेच बहुतेकदा राहून जाते.

प्रत्येक टेबलाचा प्रमुख आधी ठरवावा आणि नवख्याला दोन तासांत पुरे करता येतील अशी दहा-पंधरा कामे त्याच्याकडून लिहून घ्यावीत. भाषांतराच्या टेबलाची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वर्डप्रेसच्या भाषांतर संकेतस्थळावर कोणालाही मराठी वाक्य सुचवता येते, पण ते मंजुरीच्या प्रतीक्षेत राहते आणि त्या भाषेच्या किंवा त्या प्लगइनच्या भाषांतर संपादकाने मान्य केल्यावरच लागू होते. टेबलावर असा संपादक नसेल, तर वीस विद्यार्थी दिवसभर बसून शेकडो वाक्ये भरतात आणि ती सगळी तशीच पडून राहतात. आपले शब्द कुठेच दिसत नाहीत म्हटल्यावर त्यांतले फारसे कोणी परतत नाही. मराठी भाषांतराचा संपादक प्रत्यक्ष हजर असणे, निदान तेवढा वेळ ऑनलाइन असणे, ही तारीख ठरवतानाच पाहण्याची गोष्ट आहे. संध्याकाळी एखाद्या छोट्या प्लगइनची सेटिंग मराठीत उघडून पडद्यावर दाखवली की ज्याने ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ लिहिले तो खुर्चीतून अर्धा उठतो.

कोअरच्या टेबलावर वेळ खातो तो डाउनलोड. स्वतःच्या संगणकावर वर्डप्रेस चालवून कोड लिहिण्याची सोय उभारायला डॉकर या सॉफ्टवेअरच्या मोठ्या फाइली लागतात आणि पन्नास जणांनी त्या एकाच वेळी उतरवायला घेतल्या की अकरापर्यंत वाय-फाय बसते. त्या आधी उतरवून पाच-सहा पेनड्राइव्हवर ठेवाव्यात, आणि नोंदणी झालेल्यांना आदल्या आठवड्यात घरूनच तयारी करून यायला सांगावे. ज्यांना ते जमले नाही त्यांच्यासाठी ब्राउझरमध्येच चालणारे वर्डप्रेस प्लेग्राउंड असते; चाचणीच्या कामाला ते पुरते.

त्या दिवशी

प्रत्येक सभागृहात एक सूत्रसंचालक, एक वेळ पाहणारा आणि एक माइक फिरवणारा असे तिघे पुरेत. वेळ पाहणाऱ्याकडे ‘१०’, ‘५’ आणि ‘थांबा’ असे तीन मोठे फलक द्यावेत. सूत्रसंचालकाने वक्त्याची ओळख तीन वाक्यांत संपवावी आणि प्रश्नोत्तरांच्या सुरुवातीला पहिला प्रश्न स्वतःकडे तयार ठेवावा, कारण पहिला हात वर होईपर्यंतची शांतता नवख्या वक्त्याला फार लांब वाटते. कोणी प्रश्नाऐवजी भाषण सुरू केले तर माइक फिरवणाऱ्याने नम्रपणे माइक परत घ्यावा. हे काम करायला संकोच न वाटणारा माणूसच त्या जागी नेमावा.

राखीव यादीतील एक वक्ता स्लाइड घेऊन दिवसभर तिथेच असावा. एखाद्याची गाडी चुकणे वा ताप येणे होतेच, आणि तेव्हा रिकामे सभागृह दाखवण्यापेक्षा हा माणूस उपयोगी पडतो. कोणालाच अडचण आली नाही तर त्याला लाइटनिंगच्या अर्ध्या तासात पाचवी जागा द्यावी आणि त्यासाठी समारोपातील सात मिनिटे कापावीत. समारोपात आभार मानण्याच्या कामी तेवढी सहज वाचतात.

प्रत्येक सत्राच्या दहाव्या मिनिटाला स्वयंसेवकाने मागे उभे राहून डोकी मोजावीत आणि आकडा शीटमध्ये लिहावा: सभागृह, वेळ, सत्र, किती बसले, किती उभे. विसाव्या मिनिटाला पुन्हा मोजावे. संध्याकाळी हे आकडे भिंतीवरच्या त्या पहिल्या तक्त्यातील चौकोनांत भरावेत आणि कागद गुंडाळून पुढच्या वर्षीच्या चमूच्या हाती द्यावा.